पडद्याआडची विद्या

हद्दूखाँ आणि हस्सूखाँ या बंधूंची एक कथा ग्वाल्हेरच्या गायकांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शिंद्यांच्या दरबारी बडे महंमदखाँ नावाचे थोर गवई होते. त्यांच्या तानेला त्या काळी जोड नव्हती आणि ती तान ते घराबाहेरच्या कोणाला देत नसत. तेव्हा दरबाराच्या संमतीने या दोघा तरुण भावांना पडद्याआड बसविण्यात आले. खाँसाहेब पुढे गात आणि हे दोघे मागे श्वास रोखून ऐकत. पुढे एके दिवशी भर दरबारात त्यांनी तीच गायकी खाँसाहेबांसमोर गाऊन दाखविली, आणि आपली विद्या चोरीस गेली हे ध्यानी येताच खाँसाहेबांनी मनात कायमचे वैर धरले. कथेचा शेवट दुःखाचा आहे. एक अवघड तान त्यांनी हस्सूखाँकडून मुद्दाम पुन्हा घेवविली आणि त्या श्रमानेच हस्सूखाँचा अंत झाला, असे सांगतात.

या कथेत इतिहास किती आणि रंग किती, या वादात आम्ही शिरत नाही. आम्हांला तीत एक सत्य दिसते. देण्यास नाकारलेली विद्या अखेर चोरीच्या वाटेने जाते, आणि त्या वाटेने गेलेली विद्या देणारा व घेणारा या दोघांच्याही आयुष्यात विष कालविते. ही जुनी गोष्ट आज काढण्याचे कारण असे की, तो पडदा अजून फाटलेला नाही. तो केवळ दरबारातून उठून दुसरीकडे लागला आहे.

आम्ही ज्या गावातून हे लिहीत आहो, त्या ग्वाल्हेरात १९५७ साली माधव इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स ही संस्था निघाली. १९९७ साली माहिती-तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि तिला या गावचे सुपुत्र अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव मिळाले. लष्करच्या जुन्या मराठी वाड्यांतून ज्या मुलांचे पणजोबा तानपुरा जुळवीत बसत, ती मुले आज संगणकापुढे कोड लिहीत बसतात. आमच्या कोकण-गोमंतकातील वाचकांच्या घरीही चित्र निराळे नाही. देवळाच्या महाजनांपैकी ज्याचा मुलगा, पुतण्या किंवा नात या धंद्यात नाही, असे घर शोधावे लागेल. तेव्हा या मुलामुलींना विद्या कशी मिळते, कोठे अडते आणि अडल्यावर त्यांना कोण काय म्हणते, हा प्रश्न काही परक्यांचा नव्हे.

ज्यांनी हा धंदा जवळून पाहिला नाही, त्यांच्यासाठी त्याचे एक लक्षण सांगतो. गवयाचा स्वर किंचित उतरला, तरी मैफल पुढे चालते. स्वयंपाकात मीठ कमी पडले, तरी पान वाढता येते. प्रोग्रॅमरने मात्र एक कंस मिटवावयाचा राहू दिला किंवा एका नावातील एक अक्षर चुकविले, तर सारा कारखाना ठप्प होतो. आणि यंत्र जी एरर दाखविते, ती पुष्कळदा चुकीच्या जागेकडेच बोट दाखवीत असते. शिकाऊ मुलगा दोन-दोन रात्री त्याच ओळी पाहत बसतो. ज्याने तशी चूक पूर्वी केली आहे, असा माणूस शेजारी असला, तर ते काम दोन मिनिटांचे असते. म्हणून या धंद्यात पुस्तक, वर्ग आणि पदवी यांच्याहूनही एक गोष्ट अधिक मोलाची ठरते. ती म्हणजे संकोच न बाळगता विचारता येईल असा माणूस.

शेजारी तसा माणूस नसला, तरी समुद्रापलीकडे असू शकतो, ही इंटरनेटने दिलेली देणगी होय, आणि तिचे माहात्म्य आम्ही मुक्तकंठाने मान्य करतो. १९९१ च्या ऑगस्टच्या २५ तारखेला हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्‌स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने अनोळखी लोकांच्या एका जाहीर मेळाव्यात निरोप टाकला की, मी हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम करीत आहे, तुम्हांला तीत काय असावेसे वाटते? लोकांनी उत्तरे दिली, चुका दाखविल्या, हातभार लावला, आणि त्यातून लिनक्स उभे राहिले. आज जगातील बहुसंख्य मोठ्या यंत्रांचा कारभार त्यावर चालतो. म्हणजे जिला या युगाची एक प्रचंड इमारत म्हणावे, तिच्या पायाचा पहिला दगड हा एका विद्यार्थ्याचा प्रश्न होता! पुढे २००८ साली जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की या दोघांनी स्टॅक ओव्हरफ्लो नावाची जागा केवळ प्रश्नोत्तरांसाठी उघडली. एकाने विचारावे, जाणत्यांनी मोबदला न घेता सांगावे, आणि ते उत्तर सर्वांसाठी कायम जतन व्हावे, अशी ती योजना होती. लक्षावधी मुलांचे घोडे त्या उत्तरांनी गंगेत न्हाले. हे ज्ञानदानच होते, दुसरे काही नव्हे.

परंतु दानाच्या मांडवात हळूहळू द्वारपाळ उभे राहिले. प्रत्येकाच्या नावापुढे गुणांचा आकडा लागला. नवख्याला प्रश्न विचारण्याची मुभा होती. पण दुसऱ्याच्या प्रश्नाखाली दोन शब्दांची टिप्पणी करावयाची, तर पदरी पन्नास गुण हवेत! ज्यांचे गुण हजारांत गेले, त्यांच्या हाती प्रश्न मिटवून टाकण्याचा अधिकार आला. मग हा प्रश्न पूर्वी येऊन गेला आहे, हा नीट मांडलेला नाही, हा येथे शोभत नाही, असे शेरे ठोकून दरवाजे धडाधड बंद होऊ लागले. शेऱ्यापुरते थांबले असते, तरी एक वेळ चालले असते. त्याच्या जोडीला उपरोध आला, ‘एवढेही ठाऊक नाही?’ हा स्वर आला. अखेर २०१८ च्या एप्रिलमध्ये त्या संस्थेला स्वतःच जाहीर कबुली द्यावी लागली की, आमची जागा नवख्यांचे, विशेषतः स्त्रियांचे आणि उपेक्षितांचे, नीट स्वागत करीत नाही. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात टॉरवाल्ड्‌स यांनीही आपण सहकाऱ्यांना वर्षानुवर्षे लिहिलेल्या कठोर व अपमानकारक उत्तरांबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि काही काळ काम थांबविले. प्रश्न विचारूनच ज्याने आरंभ केला, त्याच्याच अंगणात विचारणाऱ्याला चाबूक बसत होता, हे त्याला सत्तावीस वर्षांनी उमगले. उमगले, हा त्याचा मोठेपणा.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. विचारणाऱ्याचा अपमान करणे हा विद्या लपविण्याचाच एक प्रकार आहे. बडे महंमदखाँ निदान उघडपणे ‘देत नाही’ म्हणत. आजचा तज्ज्ञ ‘सर्व काही खुले आहे’ असे म्हणतो, आणि दारात असा काही तोंड करून बसतो की आत पाऊल टाकण्याचे धैर्य होऊ नये. ग्वाल्हेरच्या वसतिगृहातील पहिल्या वर्षाचा एखादा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा. इंग्रजी जेमतेम, घरी या विषयातले कोणी नाही. दोन रात्री झगडून तो रात्री एक वाजता धीर करून मोडक्या इंग्रजीत प्रश्न लिहितो. दहा मिनिटांत तीन जण त्याच्या व्याकरणावर, अक्कलेवर आणि आळसावर शेरा मारून निघून जातात. तो मुलगा भांडत नाही, तक्रारही करीत नाही. तो फक्त पुन्हा कधी विचारीत नाही. मग तो दुसऱ्याचे कोड समजून न घेता उचलतो, म्हणजे पडद्याआड जाऊन बसतो. आणि पाच वर्षांनी, जेव्हा दुसरा कोणी त्याच्यापुढे प्रश्न घेऊन येतो, तेव्हा तोही तसाच खेकसतो. वैर असे वारशाने चालते.

यावर दर्जाचे कैवारी उसळून उठतील. ते म्हणतील, ‘आम्ही फुकट वेळ देतो. दररोज तोच तो प्रश्न शंभरदा येतो. मुले स्वतः चार पाने चाळण्याचे कष्ट घेत नाहीत. सर्वांना गोंजारीत बसलो, तर ही जागा उकिरडा होईल.’ या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते आम्ही झाकून ठेवीत नाही. प्रश्नकर्त्यालाही धर्म आहे. गीतेने ज्ञानप्राप्तीसाठी प्रश्न सांगितला, तो एकटा नव्हे. नम्रता आणि सेवा ही त्याच्याबरोबर सांगितली आहेत. काय करू गेलो, काय होईलसे वाटले होते, प्रत्यक्षात काय झाले आणि यंत्राने कोणते शब्द दाखविले, एवढे ज्याने लिहिले नाही, त्याने विचारण्यापूर्वीचे आपले अर्धे काम केलेले नाही. ते त्याच्याकडून करवून घेतलेच पाहिजे. परंतु ‘यंत्राने दाखविलेला मजकूर लिही, म्हणजे सांगता येईल’ हे एक वाक्य आहे, आणि ‘तुझ्यासारख्यांनी या धंद्यात येऊच नये’ हे दुसरे वाक्य आहे. दोन्ही लिहावयास सारखाच वेळ लागतो. पहिल्याने दर्जा राखला जातो. दुसऱ्याने केवळ लिहिणाऱ्याचा अहंकार राखला जातो. कामाविषयी कठोर आणि माणसाविषयी मृदू असणे ज्याला जमत नाही, त्याने आपल्या उर्मटपणाला दर्जा हे नाव देऊ नये.

आणि दारे उघडल्याने दर्जा खाली येतो, ही भीती तरी अनुभवाची आहे काय? याचे उत्तर शोधण्यासाठी ग्वाल्हेरच्या गायकीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. हद्दू-हस्सूखाँच्या परंपरेतील वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती गायकी घेतली आणि महाराष्ट्रात आणली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले व फी भरील त्याला, शिस्त पाळील त्याला गाणे शिकविले. इकडे ग्वाल्हेरात कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली आपल्या वडिलांच्या नावाने विद्यालय उघडले. आणि विष्णु नारायण भातखंड्यांनी तर कहरच केला! ज्या चिजा गवई मृत्युशय्येवरही सोडीत नसत, त्या त्यांनी हिंदुस्थानभर फिरून, विनवण्या करून, गोळा केल्या आणि स्वरलिपीसह ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत हजाराहून अधिक छापून टाकल्या. माधवराव शिंद्यांनी ग्वाल्हेरचे काही गवई त्यांच्याकडे मुंबईस पाठविले, त्यांत राजाभैया पूछवाले होते. ते लिपी शिकून आले आणि १९१८ साली माधव संगीत विद्यालय सुरू झाले.

त्या वेळीही हेच ओरडले गेले की, विद्या बाजारात मांडली, आता गाणे बुडणार. विद्यालयातून तानसेन निघत नसतात. तानसेनाची समाधी आमच्याच गावात आहे, तेव्हा हा टोमणा आम्हांला विशेष ओळखीचा! पण पुढे काय झाले? पलुसकरांच्या हाताखालून ओंकारनाथ ठाकूर निघाले, विनायकराव पटवर्धन निघाले, नारायणराव व्यास निघाले, बा. र. देवधर निघाले. ज्या कुटुंबांत गाण्याचे नाव काढणे पाप होते, त्या कुटुंबांतल्या मुली तानपुरा घेऊन बसू लागल्या. आणि ज्यांनी आपल्या चिजा छातीशी घट्ट धरून ठेवल्या, त्यांच्यातील कित्येकांच्या चिजा त्यांच्याबरोबरच चितेवर किंवा कबरीत गेल्या. उघड्या दाराने गायकी बुडाली नाही. बंद दाराने मात्र बुडाली.

येथे कोकणच्या वाचकांना त्यांच्याच एका माणसाची आठवण करून द्यावीशी वाटते. सावंतवाडी संस्थानातील रामकृष्णबुवा वझे यांनी गाण्याच्या ध्यासाने लहानपणीच घर सोडले आणि हालअपेष्टा सोशीत ग्वाल्हेर गाठले. तेथे निसार हुसेनखाँ यांच्याकडे ते शिकले. हेच निसार हुसेनखाँ आपल्या उत्तर आयुष्यात शंकर पंडितांच्या घरी राहत असत. एका ब्राह्मणाच्या घरात एक मुसलमान उस्ताद, आणि त्या उस्तादाच्या पायाशी कोकणातून आलेला एक निर्धन मुलगा! कोणी कोणाचे गोत्र विचारीत बसला असता, तर यातले काहीच घडले नसते. वझेबुवांनी पुढे १९३८ साली ‘संगीत कला प्रकाश’ या ग्रंथातून आपल्या जवळच्या चिजा प्रसिद्ध केल्या, आणि मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर त्यांचे शिष्य झाले. ग्वाल्हेरच्या एका घराचे दार उघडे राहिले, म्हणून मंगेशीपर्यंत सूर पोहोचला. गुणांचे आकडे पाहून दार उघडणाऱ्यांनी याचा विचार करावा. छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालालाही गौतमाने गोत्र विचारले होते. ‘ठाऊक नाही’ असे खरे उत्तर मिळताच त्याने त्या मुलाला जवळ घेतले. ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य प्रांजळपणे उच्चारणारा, हाच विद्येचा खरा अधिकारी होय.

आता दुसरा एक पक्ष उभा राहतो, आणि तो अधिक नवा आहे. तो म्हणतो, ‘हा सारा वाद शिळा झाला. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. आता मुलगा यंत्रालाच विचारतो. यंत्र रागावत नाही, हसत नाही, रात्री तीन वाजताही उत्तर देते. तुमची ती माणसांची सभा हवी कशाला?’ खरोखर, स्टॅक ओव्हरफ्लोवरील नव्या प्रश्नांचा ओघ तेव्हापासून झपाट्याने आटला. लोक यंत्राकडे वळले ते केवळ त्याच्या बुद्धीमुळे नव्हे. यंत्र आपला अपमान करीत नाही, हेही त्याचे मोठे कारण आहे, आणि तज्ज्ञांनी लाजेने मान खाली घालावी असाच हा निकाल आहे.

परंतु या पक्षाने तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, यंत्राला हे ज्ञान आकाशातून मिळाले नाही. माणसांनी माणसांना जाहीरपणे दिलेली उत्तरे वाचूनच ते शहाणे झाले. उद्या सारे प्रश्न बंद खोलीत यंत्रापुढे विचारले गेले आणि चव्हाट्यावर काही उरलेच नाही, तर नव्या अडचणींची नवी उत्तरे कोठून येणार? विहिरीचे झरे बुजवून मोटेचे कौतुक करण्यासारखे हे आहे. दुसरी अशी की, यंत्र चुकते तेव्हाही त्याच आत्मविश्वासाने बोलते. स्टॅक ओव्हरफ्लोने २०२२ च्या डिसेंबरातच यंत्राने लिहिलेल्या उत्तरांना बंदी घातली, ती यामुळेच. नवख्याला खरे-खोटे ओळखता येत नाही. ते ओळखण्यासाठी जाणता माणूसच लागतो. आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोठी आहे. यंत्र उत्तर देते, पण ओळख देत नाही. ज्याने आपली अडचण सोडविली, त्याचे नाव मुलगा आयुष्यभर सांगतो. त्याच्यासारखे व्हावे असे त्याला वाटते, आणि एके दिवशी तो दुसऱ्याला उत्तर देतो. ऋण फेडण्याची ही साखळी यंत्राच्या उत्तराने सुरू होत नाही.

ही जागा कोणाच्या मालकीची, याचाही विचार केला पाहिजे. हजारो लोकांनी फुकट लिहिलेल्या उत्तरांवर उभी राहिलेली ती स्टॅक ओव्हरफ्लो संस्था २०२१ साली १८० कोटी डॉलरांना विकली गेली. २०२४ साली तिने तोच ठेवा यंत्राच्या शिक्षणासाठी देण्याचा करार केला, आणि त्याचा निषेध म्हणून ज्यांनी स्वतःची उत्तरे पुसली वा बदलली, त्यांच्यावर कारवाई झाली. आम्ही व्यापाराचे शत्रू नाही. पण अन्नछत्रात वाढणाऱ्यांना न विचारता कोणी अन्नछत्रच विकले, तर वाढप्यांचा उत्साह टिकत नाही. म्हणून मदतीची सभा ही सभासदांचीच असावी, जशी देवस्थानची मालमत्ता देवाची असते.

आणि भाषा! स्टॅक ओव्हरफ्लोची दारे इंग्रजीखेरीज पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश व जपानी या भाषांत उघडली गेली. भारतीय भाषेत एकही नाही. गोमंतकीय वाचकांनी ही यादी पुन्हा एकदा वाचावी: पोर्तुगीज आहे, मराठी-कोंकणी नाहीत. दोष परक्यांना देऊन भागणार नाही, कारण आपण मागितले तरी कधी? प्रोग्रॅमचे शब्द इंग्रजी असतात हे खरे. पण मी कोठे अडलो हे सांगणे भाषेचे काम आहे, आणि अडलेला माणूस आपल्या आईच्या भाषेतच खरे बोलतो. हे अशक्य नाही. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी चालविलेल्या स्पोकन ट्यूटोरियल या उपक्रमात संगणकाचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित झाले, आणि पाठाच्या नेमक्या कोणत्या मिनिटाला व सेकंदाला आपण अडलो हे सांगून शंका विचारण्याची सोयही त्यांनी केली. ज्याला ‘कोठे अडलो’ हेही सांगता येत नाही, त्याची लाज राखणारी ही युक्ती आहे. सौजन्य असे योजनेतून दिसावे लागते. ते केवळ गोड बोलण्यात नसते.

म्हणूनच अशी सभा उभारणाऱ्यांसाठी आम्ही काही पथ्ये सुचवितो. न्यूयॉर्कच्या रिकर्स सेंटर या प्रोग्रॅमरांच्या शिक्षणसंस्थेत एक नियम आहे की, कोणाला एखादी गोष्ट ठाऊक नसली, तर आश्चर्याचे सोंग आणू नये. ‘अहो, हेही माहीत नाही?’ या उद्‌गाराने समोरच्याच्या ज्ञानात काडीची भर पडत नाही. तो तेवढा खजील होतो. हे पहिले पथ्य. दुसरे असे की, जुन्या उत्तराकडे बोट दाखविताना हात धरून तेथवर न्यावे, दार आपटू नये. तिसरे, उत्तर खासगीत न देता सर्वांना दिसेल असे लिहून ठेवावे, कारण जे लिपीत उतरले नाही ते टिकत नाही, हे भातखंड्यांनी शिकविले आहे. चौथे, ज्याला परवा उत्तर मिळाले, त्याने आज दुसऱ्याला द्यावे, मग ते कितीही लहान का असेना. पाचवे, उद्दामपणा करणारा कितीही मोठा ज्ञानी असला, तरी त्याला प्रथम एकांतात समज द्यावी आणि न ऐकल्यास बाहेर काढावे. एका पंडिताच्या जिभेपायी पन्नास विद्यार्थी गमावणारी सभा हिशेबाला कच्ची समजावी. आणि सहावे, उत्तरे देणाऱ्यांनाही विसावा द्यावा. माणूस खेकसतो तो पुष्कळदा थकलेला असतो म्हणून. वास्कोच्या दामोदराच्या सप्ताहात भजन अहोरात्र चालते, ते एकाच माणसाच्या गळ्यावर नव्हे, पाळ्या लागतात. एका खांद्यावर सारा भार टाकून मग त्याच्या तोंडच्या कडू शब्दाची तक्रार करणे, हाही अन्यायच.

आता शेवटचे, आणि हे आमच्या देवस्थानांच्या समित्यांना उद्देशून आहे. राग आला तर यावा. दरवर्षी उत्सवाच्या मांडवात गुणगौरव समारंभ होतो. अमक्याला अमुक टक्के, तमक्याला पुण्यात किंवा बंगळुरात अमुक लाखांची नोकरी, असे पुकारले जाते, शाल-श्रीफळ दिले जाते, टाळ्या होतात. चांगली गोष्ट आहे. पण त्याच मांडवात मागच्या रांगेत एक मुलगा मान खाली घालून बसलेला असतो, ज्याचे दोन विषय राहिले आहेत आणि ज्याला कोणाला विचारावे हे कळत नाही. ज्याला शाल मिळाली, त्याला त्या मुलाच्या शेजारी अर्धा तास बसविण्याची कल्पना कोणा समितीला सुचली आहे काय? आम्ही यश ओवाळतो, पण विद्या वाटीत नाही. जे पुढे गेले त्यांचा सत्कार करणे सोपे असते, कारण त्यात फक्त नारळ लागतो.

आमची मागणी लहान आहे. सभामंडप आहे, अग्रशाळा आहे, रविवार आहे. गावोगावी, देशोदेशी पांगलेले आमचे शेकडो प्रोग्रॅमर आहेत, आणि उत्सवाला गावी येता आले नाही म्हणून हळहळणारे त्यांचे मनही आहे. प्रत्येक देवस्थानाने शंकासमाधानाचे एक मंडळ काढावे. एरवी ते ऑनलाइन चालावे, उत्सवात प्रत्यक्ष भरावे. भाषा मराठी, कोंकणी, हिंदी, जी तोंडी येईल ती असावी. दारात जात, गोत्र, गाव, महाविद्यालय, गुण यांपैकी काहीही विचारू नये. आमच्याच समाजाच्या मुलांसाठी हे असावे असे कोणी म्हणेल, तर त्याला निसार हुसेनखाँची आठवण द्यावी. आणि ज्यांना परगावी राहून देवाची सेवा करावयाची आहे, त्यांनी आठवड्याचा एक तास या मंडळाला द्यावा. तो तास देवाच्या हिशेबी जमा होईल, अशी आमची श्रद्धा आहे.

हे अवघड नाही; मात्र त्यासाठी एक सवय मोडावी लागेल. विचारावयास आलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न त्याच्या योग्यतेचा करतो. तो त्याच्या अडचणीचा करावा. कोंकणी घरात रडत आलेल्या मुलाला आजी जे विचारते तेवढेच विचारावे: ‘कितें जालें?’ मग तो बोलू लागेल.